संवर्धन क्षेत्रातील जुन्या इमारतींचे दुरुस्ती-अनुदान : कल्याण-शहाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना
ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची चर्चा आपल्याकडे बहुधा किल्ले, लेणी व मंदिरे यांच्यापुरती मर्यादित राहते. ज्या जुन्या घरांत आजही माणसे राहतात, त्यांची दुरुस्ती कोणाच्या पैशाने व्हावी, हा प्रश्न मागे पडतो. दुरुस्ती-अनुदानाची जोड नसलेला वारशाचा दर्जा जतनाचा सगळा भार मालक व भाडेकरू यांच्यावर टाकतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परिसर व प्रश्नाचे स्वरूप
कसारा मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक असलेले शहाड रेयॉन कारखाना व बिर्ला मंदिर यांसाठी परिचित आहे. हे विठ्ठलमंदिर उद्योगसमूहाच्या पुढाकारातून उभे राहिले. अशा वास्तूमागे संस्था असते, भाविक असतात. जुन्या कल्याणात पारनाका परिसरातील वाड्यांची स्थिती वेगळी आहे. पेशवाईत रामजी महादेव बिवलकर यांनी बांधलेल्या सुभेदार वाड्याचे नाव टिकले, ते तेथील शाळा व गणेशोत्सव यांमुळे. संस्थेचा आधार नसलेल्या, अनेक वारस व भाडेकरू असलेल्या वाड्याला असे पाठबळ नसते.

कायदेशीर चौकट
1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधले. 1999 च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली; परंतु मूळ रक्कमच नगण्य असल्याने दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. मालकाने दुरुस्ती टाळल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. उदाहरणार्थ, भाडे दरमहा शंभर रुपये असल्यास ही मर्यादा वर्षाला तीनशे रुपये होते. एवढ्यात सागवानी तुळई बदलणे सोडाच, कौलेही शाकारता येत नाहीत.

मुंबई शहरात 1969 च्या कायद्याने उपकर व दुरुस्ती मंडळ निर्माण झाले. त्यातही खर्चाला कमाल मर्यादा आहे आणि अनेक चाळींत मूळ लाकूडकामाच्या जागी लोखंडी तुळया आल्या. तथापि दुरुस्तीसाठी एक सार्वजनिक निधी तरी आहे. कल्याण या व्यवस्थेच्या बाहेर आहे. येथे मोडकळीस आलेल्या इमारतीबाबत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 अन्वये नोटीस दिली जाते. इमारत उतरवणे, सुरक्षित करणे वा दुरुस्त करणे, असे पर्याय त्यात असतात. दुरुस्तीसाठी पैसा मात्र नसतो. परिणामी पाडकाम हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

उपाययोजनांची चिकित्सा
राज्याची 2007 मधील 'महाराष्ट्र वैभव' स्मारक संगोपन योजना राज्य संरक्षित स्मारकांपुरती आहे. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीने मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काची भरपाई देऊ केली. ही कल्पना उपयुक्त असली, तरी तिचे मूल्य बांधकाम-बाजाराच्या चढउतारावर ठरते. मिळालेला पैसा त्याच वास्तूवर खर्च होईल, याची हमी केवळ हक्क देण्यातून मिळत नाही. पुदुच्चेरीत इनटॅकने दर्शनी भागाच्या दुरुस्तीत खर्चाचा वाटा उचलून खासगी मालकांना सहभागी करून घेतले. तेथे पैसा थेट दुरुस्तीशी जोडलेला होता, हा त्या प्रयोगाचा विशेष होय.

खासगी मालमत्तेवर सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्ये 1967 च्या कायद्याने संवर्धन क्षेत्रांची संकल्पना आणली. 1990 च्या कायद्यात अशा क्षेत्रांसाठी अनुदान-कर्जाची तरतूद असून, अनुदानित मालमत्ता ठरावीक मुदतीत विकल्यास रक्कम परत मागण्याचा अधिकारही आहे. विकासकाच्या हाती वाडा जाण्यापूर्वी अनुदान उचलण्याचा मोह अशा अटीने आवरता येईल.

निष्कर्ष
मालकाच्या विकासहक्कावर समाजासाठी मर्यादा घातली जात असेल, तर दुरुस्तीचा काही भार समाजाने उचलणे न्याय्य ठरते. कल्याणसारख्या शहरात अनुदान टप्प्याटप्प्याने, झालेले काम तपासून आणि भाडेकरूच्या राहण्याच्या हक्काची लेखी हमी घेऊन द्यावे. भिंत कलण्यापूर्वी छप्पर दुरुस्त करण्यास प्राधान्य असावे. कारण अशा बांधकामात ऱ्हासाची सुरुवात बहुतेकदा गळतीपासूनच होते. धोकादायक इमारतीच्या नोटिशीसोबत अनुदानाचा अर्जही पोहोचेल, तेव्हाच 'दुरुस्ती' हा कायद्यातील पर्याय प्रत्यक्षात उपलब्ध झाला, असे म्हणता येईल.