हिरवी ब्रिसा

एक माणूस टॅक्सी चालवताना मोठमोठ्यानं गातोय. रेडिओवर चो योंग-पिलचं तेव्हाचं लाडकं गाणं लागलंय आणि सूर हुकला तरी याला त्याची पर्वा नाही. सोलचा रस्ता मोकळा आहे आणि हवा छान आहे. साल १९८०, मे महिना. पुढच्या वळणावर विद्यार्थ्यांचा मोर्चा येतो, अश्रुधूर येतो, गाणं थांबतं. पळापळीत गाडीच्या बाजूचा आरसा तुटतो. मग गायकाचा चेहरा असा होतो, की आरसा नाही, त्याची स्वतःची बरगडीच मोडली.

'अ टॅक्सी ड्रायव्हर' हा जांग हूनचा कोरियन चित्रपट २ ऑगस्ट २०१७ला लागला आणि एकट्या दक्षिण कोरियात त्याची एक कोटी वीस लाखांहून जास्त तिकिटं खपली. ग्वांगजू शहरातला उठाव, तो चिरडणारं लष्कर, आणि हे सगळं कॅमेऱ्यात पकडून जगापुढे नेणारा जर्मन पत्रकार युर्गेन हिंत्सपेटर, अशी ही गोष्ट. तिच्यावर भरपूर लिहून झालंय. मी तो तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा डोळा सारखा गाडीवरच जात राहिला. किम मान-सोप नावाच्या त्या चालकाला आतून काय होतंय, हे दिग्दर्शक त्याच्या तोंडून फारसं वदवत नाही. तो आपल्याला गाडी दाखवतो.

ही गाडी म्हणजे किआ कंपनीची ब्रिसा. पहिल्या अर्ध्या तासात मान-सोपचं तिच्याशी जे नातं दिसतं, ते आपल्याकडच्या कुठल्याही काळी-पिवळीवाल्याला लगेच उमगेल. बायको गेलेली, पदरात लहान मुलगी, चार महिन्यांचं घरभाडं थकलेलं, आणि मालमत्ता म्हणाल तर ही एक टॅक्सी. तो मेकॅनिकशी आरशासाठी घासाघीस करतो. मोर्चे काढणाऱ्या पोरांना शिव्या घालतो, कारण मोर्चा म्हणजे बुडालेलं भाडं. सौदीत राबून आलेला हा माणूस. देशात काय चाललंय याचं त्याचं मोजमाप मीटरच्या आकड्यांत आहे. मुलीचे बूट आखूड झालेत, ती टाचा मुडपून घालते. तेही त्याला दिसतं, पण आधी आरसा, मग बूट. सोंग कांग-हो हा नट ही क्षुद्रता इतक्या मायेनं उभी करतो, की आपल्याला त्याचा राग येत नाही. घर चालवणाऱ्या माणसाचा हिशेब असाच असतो.

आता या ब्रिसाची जन्मपत्रिका थोडी पाहू.

किआची सुरुवात मोटारीपासून झालीच नाही. किम चोल-हो नावाचा गृहस्थ जपानमध्ये ओसाकाला काम शिकून परतला आणि १९४४च्या डिसेंबरात त्यानं सोलजवळ सायकलीचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला. कोरियन युद्धात तो बुसानला हलवावा लागला आणि तिथे, निर्वासितांच्या गर्दीत, १९५२ साली देशातली पहिली सायकल तयार झाली. कंपनीचं 'किआ' हे नाव त्याच वर्षीचं. पुढे तीनचाकी मालगाड्या आल्या, आणि १९७३ साली सोहारीला मोटारींचा पूर्ण कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी किम चोल-हो वारला. त्याच्या कारखान्यातून ब्रिसाची प्रवासी मोटार बाहेर पडली ती १९७४च्या ऑक्टोबरात. मूळ आराखडा जपानच्या माझदाचा, इंजिन हजार सीसीच्या आतलं. स्पॅनिशमध्ये 'ब्रिसा' म्हणजे वाऱ्याची झुळूक. पण नाव परदेशी आणि आराखडा उसना असला, तरी दोनच वर्षांत तिचे बहुतेक भाग कोरियातच बनू लागले. आपल्या पद्मिनीची कुळकथा यापेक्षा फार वेगळी नाही. मूळ फियाट इटलीची, पण मुंबईच्या मेकॅनिकांनी तिला इतकं आपलंसं केलं की तिची सासर-माहेर ही भाषाच संपली.

१९७६च्या सुरुवातीला ह्युंदाईची पोनी बाजारात आली. इटलीच्या ज्युजारोनं रेखाटलेली, पट्टी लावून आखल्यासारख्या रेषांची. तिनं ब्रिसाचा बाजार हां हां म्हणता खाल्ला. चित्रपटाचं वर्ष १९८०. म्हणजे सोलच्या रस्त्यावर ब्रिसा चालवणारा माणूस जरा मागे पडलेला माणूस आहे. ग्वांगजूत मान-सोपला जे स्थानिक टॅक्सीवाले भेटतात त्यांच्याकडे पोनी आहेत. पडद्यावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहतात तेव्हा पोनी ताठ वाटते आणि ब्रिसा जराशी गोलसर, खांदे पाडून उभी असलेली. पाहुणी कोण, हे न सांगता कळतं.

खुद्द हिंत्सपेटरला ग्वांगजूत नेणारा खरा चालक किम सा-बोक एका हॉटेलसाठी टॅक्सी चालवायचा आणि त्याची परिस्थिती मान-सोपइतकी ओढगस्तीची नव्हती. चित्रपटातला कफल्लक विधुर लेखकाचा आणि ही हिरवी ब्रिसाही चित्रपटवाल्यांची निवड. म्हणून तिचा अर्थ लावायला आपल्याला मुभा आहे.

गोष्ट पुढे सरकते ती एका लबाडीनं. जेवणाच्या टपरीवर मान-सोप ऐकतो, की एक परदेशी माणूस ग्वांगजूला जाऊन संचारबंदीआधी परतायचे एक लाख वॉन देणार आहे. थकलेलं भाडंही नेमकं एक लाख. तो दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवतो. लांबचं भाडं, हातात रोकडा, इतकाच विचार. ग्वांगजूत पोचल्यावर मात्र शहराचे रस्ते बंद, दुकानं बंद, इस्पितळात रक्त. मान-सोप पळ काढू बघतो आणि तिथले टॅक्सीवाले त्याला चारचौघांत झापतात: भाडं अर्ध्यात टाकून जाणारा कसला ड्रायव्हर? या धंद्याला एक नीती आहे आणि ती कुठल्याही राजकारणाच्या आधीची आहे, हे या एका प्रसंगात येतं. मला हा प्रसंग नंतरच्या सगळ्या गोळीबारापेक्षा मोलाचा वाटतो.

मग ब्रिसा बंद पडते. पडणारच होती. तिला पुन्हा चालती करतात ती पोनीवाली मंडळी. यू हे-जिननं रंगवलेला ह्वांग ते-सुल पाहुण्यांना घरी नेतो, ताटात असेल नसेल ते वाढतो, आणि सकाळी गाडी हाती देताना एक नंबरप्लेटही देतो. सोलची प्लेट काढ आणि ही आमच्या जिल्ह्याची लाव, म्हणजे नाक्यावर कोणी अडवणार नाही. परक्या गाडीला गावाचं नाव मिळतं. (इतिहासाची एक चेष्टा इथे आठवतेच. १९९७च्या आर्थिक अरिष्टात किआ बुडाली तेव्हा १९९८ साली तिला विकत घेतलं ते पोनीवाल्या ह्युंदाईनंच. फक्त त्या खरेदीत जेवणाचं ताट नव्हतं.)

गावाची प्लेट लावून मान-सोप एकटाच निसटतो. सुनचॉन गावात पोचतो. तिथे बाजार भरलाय, माणसं हसताहेत, वर्तमानपत्रात ग्वांगजूबद्दल धडधडीत खोटं छापलंय. तो मुलीसाठी नवे बूट घेतो. बूट शेजारच्या सीटवर ठेवतो, गाडी सोलच्या दिशेनं सोडतो आणि गाणं म्हणू लागतो. पहिल्या प्रसंगातलं गाणं आठवा. तोच गळा, तीच गाडी, तसाच मोकळा रस्ता. या वेळी गाणं मध्येच फाटतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. कसलंही भाषण नाही. मग टॅक्सी रस्त्यावर वळते आणि आल्या दिशेनं निघते. मुलीला फोनवर तो एवढंच सांगतो, की बाबांचं गिऱ्हाईक मागे राहिलंय.

इथून पुढे गाडीकडे पाहा. गुम्नाम-नो या हमरस्त्यावर जवान गोळ्या घालताहेत आणि टॅक्सीवाले आपल्या गाड्या आडव्या घालून जखमींना उचलताहेत. एका आरशासाठी जीव टाकणारा माणूस आपली एकुलती एक मालमत्ता गोळ्यांच्या पुढ्यात उभी करतो. काच फुटते, पत्रा चेमटतो आणि त्याचं लक्षही जात नाही. मान-सोप बदलला, हे सांगायला चित्रपटाला यापलीकडे काही लागत नाही. हा प्रसंग हवेतून आलेला नाही. २० मे १९८०च्या संध्याकाळी ग्वांगजूतल्या सुमारे दोनशे टॅक्सी दिवे लावून खरोखर या रस्त्यानं प्रांतिक कचेरीकडे गेल्या होत्या.

यानंतरचा पाठलाग मात्र मला पटत नाही. लष्करी गाड्या मागे, ग्वांगजूच्या टॅक्सी मध्ये, एकेक करून सगळ्या बळी. इतका वेळ खऱ्या वेगानं चाललेल्या चित्रपटाला एकाएकी तिकीटबारीची आठवण होते. त्याआधीचा नाक्यावरचा प्रसंग किती शांत आहे! जवान डिकी उघडतो. आत सोलची नंबरप्लेट. त्याला ती दिसते, आपल्यालाही दिसते. तो डिकी लावतो आणि जाऊ द्या म्हणतो. एका पत्र्याच्या तुकड्यावर मिनिटभर श्वास अडकतो. असा प्रसंग हातात असताना पाठलागाची गरज कुणाला वाटावी?

चित्रपट एका गोष्टीजवळून जातो आणि थांबत नाही. ग्वांगजूत एशिया मोटर्स नावाचा कारखाना होता, १९७६पासून किआच्याच मालकीचा. तिथे पूर्वी फियाट १२४ बनत असे, जिच्या सांगाड्यावर पुढे मुंबईच्या प्रीमियर कंपनीनं आपली ११८ एनई काढली. २१ मेला नागरिकांनी याच कारखान्यातून ट्रक, बस, चिलखती गाड्या बाहेर काढल्या आणि शहराच्या बचावाला लावल्या. म्हणजे त्या दिवशी ग्वांगजूच्या रस्त्यावर सोलची एक कल्पित ब्रिसा नव्हती, पण किआच्या घरच्या गाड्या पुष्कळ होत्या.

आणि ब्रिसाचं काय झालं? ज्या चुन दू-ह्वानच्या राजवटीनं ग्वांगजूवर फौज घातली, त्याच राजवटीनं १९८१च्या फेब्रुवारीत मोटार उद्योगाची फेररचना केली. प्रवासी मोटारी कोणी बनवायच्या हे सरकारनं ठरवून दिलं आणि त्यात किआ नव्हती. ब्रिसा बंद झाली. हे ठाऊक असलं की पडद्यावरची हिरवी टॅक्सी वेगळीच दिसते. तिचं उरलेलं आयुष्य वर्षाहूनही कमी आहे.

किआ तगली ती बोंगो नावाच्या व्हॅनवर. भाजीवाले, शाळा, छोटे दुकानदार यांनी ती इतकी उचलली, की कोरियात कुठल्याही व्हॅनला सर्रास बोंगोच म्हणू लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. मालकांनी दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? १९८७ला बंदी उठली आणि प्राइड आली. ती इराणमध्ये २०२०पर्यंत बनत राहिली. तिथले लोक तिच्यावर विनोद करत करत तीच विकत घेत होते. २००६ला जर्मन रेखाटनकार पेटर श्रायर आला आणि स्वस्त म्हणून घेतली जाणारी गाडी देखणी म्हणून घेतली जाऊ लागली. कौतुकाला गालबोटही आहे. अमेरिकेत किल्लीच्या सुरक्षेत काटकसर केल्यामुळे किआ आणि ह्युंदाईच्या गाड्या पोरासोरांनी चोरल्या, आणि कंपन्यांना न्यायालयात तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०१९ला आलेल्या सेल्टॉसला ग्लोबल एनकॅपच्या २०२०च्या चाचणीत तीनच तारे मिळाले. तरी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ती जागोजाग उभी दिसते. मालकाला विचारा, तो आधी पडदा, कॅमेरा, सीटमधून येणारा गार वारा दाखवील. गाडीवर जीव टाकायची आपली रीतही बदललीय. मान-सोप बोनेटखालचा आवाज ऐकायचा.

२०२३च्या ऑगस्टमध्ये किआनं जुनी ब्रिसा नव्यानं दुरुस्त करून सोलमध्ये लोकांना पाहायला ठेवली. हिंत्सपेटर त्याआधीच, २०१६च्या जानेवारीत, गेला होता. त्याची नखं आणि केस ग्वांगजूच्या मातीत पुरले आहेत. मान-सोप विमानतळावर त्याला खोटं नाव देतो, म्हणून चित्रपटात त्या दोघांची पुन्हा भेट होत नाही. खरा किम सा-बोक तर १९८४लाच वारला होता, आणि हे जगाला कळलं ते हा चित्रपट लागल्यावर.

चित्रपट पाहिला नसेल तर जरूर पाहा. पाहिला असेल तर पुन्हा पाहताना त्या नाक्यावर माणसांकडे बघू नका, डिकीकडे बघा.