हसण्याची चिकित्सा

मागच्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत हा मुलगा मोठा हळवा. शाळेच्या ओट्याखाली कुत्र्याचे पिल्लू मेले तर दोन दिवस डबा न उघडलेला. आता तो एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे. फराळाचे ताट पुढे ठेवून आमची मंडळी चहा आणायला आत गेली आणि परत येऊन पाहते तो हा चकलीचा तुकडा हातात धरून बसल्याबसल्या झोपी गेलेला! जागा झाल्यावर तो वॉर्डातल्या गमती सांगू लागला. त्यांत ‘बावीस नंबर’ नावाची एक म्हातारी होती. रात्रीतून चार-चार वेळा ती याला हाक मारी. तिच्या हाकेची नक्कल करून तो खो-खो हसला. मला हसू आले नाही. त्याच्या ते ध्यानात आले असावे. निघताना पिशवीतून एक इंग्रजी कादंबरी काढून तो म्हणाला, “सर, ही वाचा. मग माझ्यावर रागवा.”

ती कादंबरी म्हणजे सॅम्युएल शेम यांची ‘द हाऊस ऑफ गॉड’. शेम हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव स्टीफन बर्गमन, आणि व्यवसाय मानसोपचाराचा. बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात इंटर्न म्हणून काढलेल्या वर्षावर बेतलेले हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून तरुण डॉक्टर ते एकमेकांच्या हाती देत आले आहेत. शब्दकोश उशाशी ठेवून मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात संताप झाला. दुसऱ्या वाचनात तो संताप कुठे ठेवावा हे कळेना. म्हणूनच हा लेख.

कथानक असे नाहीच. रॉय बाश नावाचा हुशार तरुण परीक्षा उत्तीर्ण होऊन रुग्णालयात येतो आणि एक वर्ष तिथे राबतो. ‘निवासी’ हा शब्द अमेरिकेत रुजला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. १८८९ साली ते उघडले तेव्हा हे डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहत. तिथल्या विल्यम ऑस्लर यांची श्रद्धा अशी, की वैद्यक शिकायचे ते रुग्णाच्या खाटेपाशी. रॉयही खाटेपाशीच शिकतो. पण काय शिकतो? त्या खाटांवर बहुतेक जर्जर, भान हरपलेले वृद्ध आहेत. ‘इथून चालते व्हा’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यांना एक नाव ठेवलेले आहे : ‘गोमर’. अशा रुग्णाला दुसऱ्या विभागाच्या गळ्यात कसे बांधावे, केसपेपर कसा चकचकीत ठेवावा, ही तिथली पहिली विद्या. ती शिकवणारा गुरू म्हणजे ‘फॅट मॅन’ हा वरिष्ठ निवासी डॉक्टर. त्याने या मठाचे तेरा नियम सांगितले आहेत आणि ते सारे ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटते.

पण इथेच शेम यांच्यातला कादंबरीकार जागा आहे. अ‍ॅना नावाच्या म्हातारीवर रॉय पुस्तकातल्या साऱ्या चाचण्यांचा मारा करतो, आणि ती खालावते. मग गुपचूप तो काहीच करीत नाही. केसपेपरवर मात्र सारे केल्याचे लिहितो, आणि म्हातारी सुधारते! वाचक हसतो, आणि हसता-हसता चपापतो. उपचार कुणासाठी चालले होते, तिच्यासाठी की कागदासाठी? जीभ इतकी सैल असलेला हा फॅट मॅन रुग्णांच्या जवळ बसतो, त्यांना हात लावतो, त्यांच्याशी खरे बोलतो. आणि म्हातारे त्याच्यावर जीव टाकतात. उलट विभागाचे प्रमुख बोलतात सभ्य, पण माणसाकडे पाहतच नाहीत. सभ्य शब्द आणि दयाळू हात एकाच माणसाचे असतील असे नाही, हे या कादंबरीने मला शिकवले. आम्हां शिक्षकांना ते ठाऊक असायला हवे होते. पोरांना ‘ढ’ म्हणणारे मास्तर शाळा सुटल्यावर त्याच पोरांना घेऊन बसताना मी पाहिले आहेत.

तरीही कादंबरीचे हृदय फॅट मॅनपाशी नाही. ते पॉट्सपाशी आहे. पॉट्स हा रॉयचा सोबती, शांत आणि भिडस्त. काविळीने पिवळ्या पडलेल्या एका तरुण रुग्णाला एक औषध द्यावे की नाही, या विचारात तो थांबला आणि रुग्ण बेशुद्धीत गेला. त्यानंतर जो तो त्याला त्या रुग्णाबद्दल विचारतो; पॉट्सला काय होते आहे हे मात्र कुणी विचारीत नाही. शेवटी तो रुग्णालयाच्या इमारतीवरून उडी घेतो. सारे हसत होते तेव्हा याला हसता आले नव्हते. हे प्रकरण वाचल्यावर मागची शंभर पाने पुन्हा चाळली आणि त्यांतले हसणे निराळे ऐकू आले. बुडणारा माणूस हात मारतो, तसे ते हसणे होते.

आता दोष. तो लहान नाही. या कादंबरीत परिचारिका आहेत, पण त्या बहुतेक तरुण डॉक्टरांच्या रंजनासाठी. ज्यांच्या जिवावर वॉर्ड चालतो त्यांना लेखकाने मन दिलेले नाही. आणि अ‍ॅनासारख्या वृद्धांना नाव दिले, पण वाचा दिली नाही. त्या कोण होत्या, कुणाच्या आया होत्या, हे रॉयला जाणून घ्यायला वेळ नव्हता, हे मान्य. पण लेखकाला तर होता! रॉयच्या थकव्याला लेखकाने आपली दृष्टी मानले, ही कलेतली चूक आहे आणि माणुसकीतलीही.

थकव्याचा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत गेला. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. त्या चौकशीतून १९८९ साली त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, आणि २००३ साली ती देशभर लागू झाली. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या योजनेत सर्वसाधारणपणे ४८ तास लिहिलेले आहेत. माझ्या विद्यार्थ्याच्या हातातली चकली मात्र निराळा हिशेब सांगत होती. पण तास कमी झाले म्हणजे पॉट्सला कुणी जवळ घेऊन विचारील, अशी हमी कोणता नियम देतो?

महिन्याभराने विद्यार्थी पुस्तक न्यायला आला. मी म्हणालो, “रागावत नाही. पण तुझ्या बावीस नंबरचे नाव काय होते रे?”

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने नाव सांगितले, गाव सांगितले, आणि ती रात्री हाका मारी त्या आपल्या धाकट्या मुलाच्या नावाने, हेही सांगितले. “मी ‘ओ’ द्यायचो, सर,” तो म्हणाला, “म्हणजे ती झोपायची.”

शेम यांनी लिहायला हवे होते ते हे पान.