वाट, मार्ग आणि हाकेचे अंतर

‘वाट’, ‘रस्ता’ आणि ‘मार्ग’ हे तीन शब्द शाळेत समानार्थी म्हणून एका ओळीत शिकवले जातात. बोलणारा माणूस त्यांना तसे मानत नाही. रखडलेले काम ‘मार्गी लागते’ तेव्हा ते सुटलेले असते. त्याच कामाची ‘वाट लागते’ तेव्हा ते बुडालेले असते. आणि ते बुडाल्यामुळे माणूस ‘रस्त्यावर येतो’ तेव्हा त्याचा आसराच गेलेला असतो. एका शब्दात सिद्धी, दुसऱ्यात नाश, तिसऱ्यात दैन्य. हा भेद योगायोगाचा नाही. अंतराविषयी आणि चालण्याविषयी आपला समाज काय समजून आहे, याचा तो पुरावा आहे.

‘मार्ग’ संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि येताना भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग, सन्मार्ग अशी प्रतिष्ठित मंडळी सोबत घेऊन आला. ‘रस्ता’ फारसीतला, तो सैन्य, बाजार आणि सरकार यांच्या सोबतीने रुळला. ‘वाट’ मात्र संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतात झिजत झिजत मराठीपर्यंत पोचली. मार्ग कोणीतरी दाखवतो, रस्ता कोणीतरी बांधतो, वाट मात्र पडते. ‘इथून वाट पडली आहे’ असे म्हणताना कर्ता सांगावा लागत नाही, कारण तो एक नसतो. ये-जा करणारे सगळेच असतात.

नाशाचा अर्थ वाटेला मुळातच चिकटलेला नसावा. ‘विल्हेवाट लावणे’ म्हणजे निकाल लावणे. ‘वाटेला लावणे’ म्हणजे रवाना करणे. जे वाटेला लागले ते हातचे गेले. तेथून ‘वाट लावली’ या प्रयोगाला बिघाडाचा अर्थ यायला फार पावले चालावी लागत नाहीत. तरी तत्सम शब्दाच्या पदरी मान आणि तद्भवाच्या पदरी अवमान, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. बाई ‘गर्भिणी’ आणि गाय ‘गाभण’, हे तिचे नेहमीचे उदाहरण. ‘मार्गी’ आणि ‘वाट लागली’ यांचे नाते त्याच घरातले आहे.

पण याच अवमानित शब्दातून मराठीने प्रतीक्षेसाठी रोजचा प्रयोग घडवला: ‘वाट पाहणे’. इंग्रजीतल्या ‘वेट’ या क्रियापदाच्या मुळाशीही जुन्या फ्रेंचमधला ‘पहारा देणे’ हा अर्थ आहे. दोन्ही भाषांत थांबणाऱ्याचे डोळे उघडे आहेत. तो कुठे पाहतो, हे मराठीने बोलून दाखवले. मराठीत वाट पाहणाऱ्यापुढे नेहमी एक जागा असते, जिथून कोणीतरी येणार असते.

अंतराच्या शब्दांतही असेच माणूस दडलेले आहे. ‘कोस’ हा ‘क्रोश’पासून आला आणि ‘क्रोश’ म्हणजे ओरडणे. आरोळी जिथवर पोचते तो कोस. अर्थशास्त्रात येणारे ‘गोरुत’ हे माप तर गाईच्या हंबरण्याचे आहे, आणि ‘योजन’ शब्दात बैल जुंपण्याची क्रिया आहे. पुढे कोस लांबत गेला. कुठे तो दीड मैलाचा झाला, कुठे दोन मैलांचा किंवा त्याहून मोठा. मुळातली आरोळी विसरली गेली. ती विसरल्यावर मराठीने ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग वापरून तेच माप पुन्हा उभे केले.

इंग्रजी माणूस अशा वेळी ‘दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर’ असे म्हणतो. भाषांतरांत हा दगड कधी कधी जसाच्या तसा मराठीत येऊन पडतो. आपल्याकडे हाक आणि त्यांच्याकडे दगड, यावरून इंग्रज दांडगे आणि आपण प्रेमळ असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. ऐकू येण्याच्या अंतरासाठी इंग्रजीतही शब्द आहे. मात्र ‘इअरशॉट’ हा शब्द बाणाच्या टप्प्यासाठी असलेल्या शब्दाच्या धर्तीवर बनला. आपणही ‘बंदुकीच्या टप्प्यात’ म्हणतोच. खरा फरक पुढे आहे. फेकलेला दगड पोचला की व्यवहार संपतो. हाक पोचल्यावर ‘ओ’ यावी लागते.

म्हणूनच वर्तमानपत्रात ‘पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर घरफोडी’ असे छापून येते, तेव्हा ती केवळ घटनास्थळाची माहिती नसते. ज्यांना ऐकू यायला हवे होते त्यांना ऐकू आले नाही, ही तक्रार त्या चार शब्दांत असते. घरांच्या जाहिरातीत ‘स्थानकापासून हाकेच्या अंतरावर’ वाचताना हसू येते, कारण तिथून हाक मारणार कोणाला?

विष्णुपुरीसारख्या ठिकाणी हे सगळे थर एकत्र भेटतात. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या गावी १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. परिसराचे नाव ‘ज्ञानतीर्थ’. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पाण्यातून पलीकडे जाण्याची जागा. तोही वाटेचाच शब्द. जवळच गोदावरीवर उपसा सिंचनाचा मोठा प्रकल्प आहे. धरणांच्या आसपास महाराष्ट्रभर ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ असे म्हणतात. ‘उशाला’ हे अंतर किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. ते झोपलेल्या माणसाच्या डोक्यापासून मोजलेले आहे, आणि त्यात जवळीक आणि वंचना दोन्ही आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. तो आकडा दुष्काळाची व्याप्ती सांगतो. त्यामागचा अन्याय सांगायला आकड्याच्या जोडीला उशाची म्हण लागते.

आपल्या आजच्या गद्यात ही मापे मागे पडत आहेत. १९५६ च्या कायद्याने दशमान मापांचा पाया घातला, मैल हळूहळू व्यवहारातून गेला. तरी प्रत्येक गौरवग्रंथात एखादे पुस्तक ‘मैलाचा दगड’ असते. मैलही परका, त्याचा दगडही भाषांतरित. ‘मोठी मजल मारली’, ‘लांबचा पल्ला गाठला’ हे प्रयोग हाताशी असताना समीक्षकाने दगडावर का बसावे? ‘मजल’ही मूळची अरबीच आहे, तेव्हा आक्षेप परकेपणाला नाही. मजल चालणाऱ्याच्या मुक्कामाने मोजली जाते आणि दगड नुसता उभा असतो, एवढेच म्हणणे आहे.

हा प्रश्न केवळ शैलीचा असता तर तो संपादकांवर सोपवून देता आला असता. पण तहसील कचेरीत याच शब्दांवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली चालू वहिवाटीची अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली शेजारच्या बांधावरून रस्ता मागता येतो. पहिल्यात वाट आधीपासून आहे, ती पायांनी सिद्ध केली आहे, असे म्हणणे असते. दुसऱ्यात रस्ता द्यावा अशी मागणी असते. ‘आमची वाट अडवली’ असे सांगत आलेल्या माणसाच्या अर्जात लिहिणाऱ्याने समानार्थी समजून ‘रस्ता मिळावा’ असे घातले, तर पिढ्यांची वहिवाट कागदावर नव्याने मागितलेली सोय होऊन बसते.

समानार्थी शब्दांची ती ओळ म्हणून निरुपद्रवी नाही. वाट, रस्ता आणि मार्ग यांतला भेद बोलणाऱ्यांनी कमावला आहे. तो शिकवणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी आणि अर्ज भरून देणाऱ्यांनी जपला नाही, तर त्याची किंमत ज्याच्या शेताला दुसरी वाट नाही तो मोजतो.