नववास्तववाद, चित्रपटातील

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत उदयास आलेला व पुढे जगभर प्रभावी ठरलेला चित्रपटसंप्रदाय. रोबेर्तो रोस्सेल्लीनी याच्या रोम, ओपन सिटी (१९४५) या चित्रपटामुळे त्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. रस्त्यांवरील चित्रीकरण, हौशी नट व श्रमिकांचे जीवन ही त्याची लक्षणे म्हणून सांगण्यात येतात. परंतु ती अपुरी आहेत. याच चित्रपटातील आन्ना मान्यानी व आल्दो फाब्रीत्सी हे व्यावसायिक नट होते. संवादही सामान्यतः मागाहून ध्वनिमुद्रित केले जात.

या संप्रदायाने क्षुल्लक घटनेस नाट्याचे मोल दिले, हे त्याचे खरे कार्य होय. व्हित्तोरिओ दे सीका व पटकथाकार चेझारे झावात्तीनी यांच्या बायसिकल थीव्ह्ज (१९४८) मध्ये भित्तिपत्रके चिकटविणाऱ्या माणसाची सायकल चोरीस जाते व तो ती शोधतो, एवढेच कथानक आहे. उंबेर्तो डी. (१९५२) मधील तरुण मोलकरीण सकाळी उठून चूल पेटविते, कॉफी दळते. ती अविवाहित असून तिला दिवस गेले आहेत, हे प्रेक्षकास ठाऊक असते. म्हणून ते नित्याचे काम पाहणेही जड जाते. संपूर्ण संप्रदायात याहून श्रेष्ठ प्रसंग नाही. या चित्रपटाबद्दल जूल्यो आन्द्रेओत्ती या शासनातील नेत्याने दे सीकावर जाहीर पत्रातून टीका केली. त्यापूर्वीच, १९४९ च्या कायद्याने, शासकीय अर्थसाहाय्य पटकथेच्या मंजुरीशी जोडले गेले होते. मायदेशी संप्रदायास ओहोटी लागली ती या सुमारास.

परदेशी त्याची बाह्य लक्षणे लवकर पोहोचली, दृष्टी सावकाश. मुंबईत १९५२ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इटालियन चित्रपट दाखविण्यात आले. त्यांचा ठसा बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन (१९५३) वर स्पष्ट दिसतो. कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारे बलराज साहनी अविस्मरणीय आहेत. तथापि गीते व एकामागून एक कोसळणारी संकटे यांमुळे कथेची घडण जुनीच राहते. सत्यजित राय यांनी बायसिकल थीव्ह्ज लंडनमध्ये १९५० साली पाहिला. पथेर पांचाली (१९५५) मध्ये त्यांनी चुनीबाला देवी या जुन्या रंगभूमीवरील नटीस घेतले, म्हणजे हौशी नटांचा नियम पाळला नाही. मात्र म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणीच्या खाण्याकडे, चालण्याकडे पाहण्याची सबुरी दे सीकाचीच आहे.

रोममध्ये चित्रपटशिक्षण घेतलेल्या फेर्नांदो बिर्री याने अर्जेंटिनातील सांता फे येथे १९५६ मध्ये अनुबोधपटांची शाळा काढली. तेथे भर सामाजिक पाहणीवर होता. इराणच्या अब्बास किआरोस्तामी याच्या व्हेअर इज द फ्रेंड्‌स होम? (१९८७) मध्ये चुकून आपल्याकडे आलेली वर्गमित्राची वही परत करण्यासाठी एक मुलगा शेजारच्या गावी धावतो. घर सापडत नाही. तेव्हा रात्री बसून तो मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहितो.