फुलाची मागची बाजू

श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावरचे फोटो फोनवर यायला लागतात, आणि प्रत्येकाखाली तोच प्रश्न: हे कुठलं फूल? ॲप दोन सेकंदांत नाव सांगतं. बरेचदा बरोबरही असतं. पण ॲपला फोटोत आहे तेवढंच दिसतं, आणि आपण फोटो काढतो तो फुलाच्या तोंडाचा.

तेरडा घ्या. समोरून गुलाबी पाकळ्या, बस्स. त्याची खरी खूण मागे असते: एका निदलाची झालेली बारीक सोंड. शिवाय पानं पाहायला हवीत. आपल्या ओळखीच्या तेरड्याची पानं खोडावर एकाआड एक येतात; इम्पेशन्स अपोझिटिफोलिया या दुसऱ्या तेरड्याची समोरासमोर. नावातच सांगितलंय. पण पानं आपण क्रॉप केलेली असतात!

रंगावर भिस्त ठेवली की असंच होतं. सोनकी पिवळी, कवला पिवळा. रंगवार लावलेल्या पुस्तकात दोघं शेजारी बसतील. प्रत्यक्षात सोनकीचं 'एक फूल' म्हणजे इवल्या फुलांचा घोळका. कडेची एकेक 'पाकळी' हेच एक फूल. कवला मात्र वाटाण्याच्या घरातला.

हा फरक पाहायला शिकवतं ते थिओडोर कुकचं 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा प्राचार्य. ग्रंथ 1901 पासून भागाभागाने निघाला. वाचायला रुक्ष. पण त्यातली ओळखीची किल्ली जोडीजोडीने पर्याय पुढे टाकते: पानं कशी? पुंकेसर किती, सुटे की जुळलेले? एक उत्तर चुकलं की तुम्ही भलत्याच घरात. नाव कळेपर्यंत झाड नीट पाहून झालेलं असतं. ॲपमध्ये नेमकी हीच पायरी गळते.

तरी कुकला डोक्यावर घेऊन नाचायला मी तयार नाही. अशी किल्ली फूल उघडून बघणाऱ्यासाठी असते. गेंदाची पांढरी बटणं तर भिंगाखाली फोडल्याशिवाय जात सांगत नाहीत, आणि कासला फूल तोडायला बंदी, ती योग्यच. वर भाषा इंग्रजी, परिभाषा लॅटिनच्या वळणाची. आपल्या पाठ्यपुस्तकातले 'पुमंग', 'जायांग' वाचूनही पोरं पळतातच.

मला हवीय ती फक्त तेरड्यांची एक छोटी मराठी किल्ली, न तोडता वापरता येणारी: सोंड केवढी, पानं कशी, खोडावर लव आहे का. तोवर एक फोटो मागून काढा, एक पानांचा, एक अख्ख्या झाडाचा.