अवतरणाचे गणित : ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मधील अंतराळविमानाचा विचार

अनुकृतीचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे दोन प्रश्न उभे राहतात : मूळ वस्तूतील कोणते संबंध अनुकृतीने राखले आणि कोणते सोडून दिले? नाटक, चित्र व कादंबरी यांच्या संदर्भात या प्रश्नांचा ऊहापोह मराठीत पुष्कळ झाला आहे. संगणकावरील खेळ हा अनुकृतीचा नवा प्रकार मात्र बहुधा करमणुकीच्या सदरात टाकला जातो. यांपैकी जे खेळ निसर्गनियमांचीच अनुकृती करू पाहतात, त्यांच्या बाबतीत ही उपेक्षा हितावह नाही. कारण अशा खेळातून आलेला अनुभव विद्यार्थी ज्ञान समजून बरोबर नेत असतो.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा या प्रकारातील प्रातिनिधिक खेळ होय. फेलिपे फालांगे यांच्या कल्पनेतून निघालेला हा खेळ मेक्सिको सिटीतील ‘स्क्वाड’ या संस्थेने २०११ च्या जूनमध्ये प्रथम लोकांपुढे ठेवला व २०१५ च्या एप्रिलमध्ये त्याची पूर्ण आवृत्ती काढली. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावर खेळाडूने सुटे भाग जोडून याने रचावयाची व ती उडवावयाची, एवढेच त्याचे कथानक. त्यातील सर्वांत अवघड परीक्षा अंतराळविमानाची : धावपट्टीवरून विमानासारखे उठावयाचे, कक्षेत जावयाचे आणि पुन्हा त्याच धावपट्टीवर उतरावयाचे.

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या परीक्षेचे महत्त्व काय? धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे, शिरपूर तालुक्यातही एक आहे. परंतु अंतराळविमान त्याच्या दृष्टीस पडण्याचा संभव नाही. त्याला प्रतिरूपावरच भागवावे लागते, आणि प्रतिरूपाच्या साह्याने आकाश समजून घेण्याची परंपरा खानदेशास नवी नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. तो काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा. ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात खगोलाची वर्तुळे काड्यांनी बांधून गोल कसा रचावा हे सांगितले आहे. असा गोल हातभर असला काय किंवा घराएवढा असला काय, त्यावरील अंश तेच राहतात. आकार लहान केल्याने त्यातले सत्य कमी होत नाही. कर्बिनच्या बाबतीत हेच म्हणता येईल काय, हा प्रस्तुत समीक्षेचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम या खेळाने राखलेले संबंध पाहू. नवशिक्याचे पहिले अंतराळविमान बहुधा धावपट्टी सोडताच शेपटीवर उलटते. याचे कारण खेळाच्या लहरीत नसून त्या यानाच्या रचनेत असते. पंखांच्या उत्थापनाचे केंद्र यानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असावे लागते. ते पुढे गेले की नाक जरा वर होताच हवा ते अधिकच वर लोटते. मागची चाके गुरुत्वमध्यापासून फार मागे बसविली तर नाक उचलतच नाही आणि यान धावपट्टीच्या टोकापर्यंत नुसते धावत राहते. हे सारे खऱ्या विमानशास्त्राशी जुळणारे आहे.

याहून सूक्ष्म धडा परतीच्या वेळी मिळतो. इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य सरकतो. जड इंजिने शेपटीशी व टाक्या पुढे अशी रचना असेल, तर भरल्या टाक्यांनी स्थिर उडालेले यान रिकाम्या टाक्यांनी हवेत शिरताच कोलांटी खाते. जाणारे यान व परतणारे यान दिसावयास एकच असले तरी गणिताच्या दृष्टीने ती दोन याने आहेत, आणि रचनाकाराला दोहोंचा विचार उड्डाणापूर्वीच करावा लागतो. हा विचार पाठ्यपुस्तकातील एका वाक्याने जितका मनात ठसत नाही, तितका एका फसलेल्या परतीने ठसतो. खेळाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

उतरण्याच्या बाबतीतही तत्त्व अचूक आहे. अवतरण म्हणजे साठविलेल्या ऊर्जेचा मोजून केलेला त्याग. उंची व वेग ही यानाची पुंजी. ती लवकर खर्च झाली तर यान धावपट्टीच्या अलीकडे पडते, उशिरा झाली तर पलीकडे जाते. अमेरिकेच्या स्पेस शटलचे उदाहरण खानदेशच्या नकाशावर मांडून पाहावे. पश्चिमेकडून येणारे शटल गोंदूरच्या बाजूस उतरावयाचे आहे अशी कल्पना केली, तर कक्षा सोडण्यासाठी वेग कमी करण्याचे काम सुमारे तासभर आधी, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूस झालेले असेल. नवापूरवर ते सुमारे २५ कि.मी. उंचीवर असेल व त्याचा वेग ताशी सुमारे २,७०० कि.मी. असेल. कोंडाईबारीचा घाट ओलांडून साक्रीच्या आकाशात येईतो उंची स्थूलमानाने १५ कि.मी.वर आलेली असेल आणि वेग ध्वनिवेगाच्या आसपास. नवापूर ते धुळे या ज्या वाटेला एस.टी.ला तासांच्या हिशेबाने वेळ लागतो, ती सुमारे साडेपाच मिनिटांत संपेल. या साऱ्या काळात इंजिनाची मदत नाही; चुकले तर पुन्हा घिरटी घालून येण्याची सोय नाही. कर्बिनवर खेळाडूजवळ थोडे इंधन उरलेले असू शकते, म्हणून त्याची चूक काही वेळा सावरते. तथापि ऊर्जेच्या हिशेबाची जात तीच आहे.

आता सोडून दिलेल्या संबंधांकडे वळावे. कर्बिनची त्रिज्या ६०० कि.मी. आहे, पृथ्वीची सुमारे ६,३७१. पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच ठेवले आहे. परिणामी कर्बिनभोवती खालच्या कक्षेत फिरण्यास सेकंदाला सुमारे २.३ कि.मी. वेग पुरतो, पृथ्वीभोवती ७.८ कि.मी. लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक अकरापटीहून अधिक होतो. इंधनाचे गणित याहूनही कठोर आहे. त्सिओल्कोव्हस्कीच्या समीकरणानुसार लागणाऱ्या वेगाबरोबर प्रारंभिक व अंतिम वस्तुमानांचे गुणोत्तर घातांकाने वाढते. पृथ्वीवरून कक्षेत जाण्यास, वाटेतील तोटे धरून, सेकंदाला ९ कि.मी.हून अधिक वेगाची तरतूद करावी लागते. उत्तम रासायनिक इंधन घेतले तरी उड्डाणाच्या वेळच्या वजनापैकी स्थूलमानाने आठवा हिस्साच कक्षेत पोचतो, आणि त्यातच पंख, चाके, उष्णतारोधक कवच व भार बसवावे लागतात. कर्बिनवर सुमारे एक तृतीयांश वजन पोचू शकते, आणि हवा घेणारी इंजिने प्रारंभीच्या वेगाचा मोठा वाटा उचलतात.

भास्कराचार्यांचा गोल आणि कर्बिन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कोन आकारावर अवलंबून नसतात. इंधनाचा घातांक असतो. गोल लहान केल्याने प्रश्न तोच राहतो, ग्रह लहान केल्याने प्रश्नच बदलतो. म्हणून एकाच टप्प्यात कक्षेत जाऊन परतणारे विमान खेळात काही संध्याकाळींच्या परिश्रमाने साधते, तर प्रत्यक्षात ते अद्याप कोणालाही साधलेले नाही. अमेरिकेचा एक्स-३३ हा प्रकल्प २००१ मध्ये सोडून देण्यात आला. हवा व साठविलेला ऑक्सिजन या दोहोंवर चालणारे ‘सेबर’ इंजिन घडवू पाहणारी ब्रिटनमधील रिअ‍ॅक्शन इंजिन्स ही कंपनी २०२४ मध्ये प्रशासकांच्या हाती गेली; त्याच जातीचे ‘रॅपियर’ इंजिन खेळात एका टिचकीसरशी जोडता येते.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २३ मे २०१६ रोजी तिचे पंखयुक्त प्रायोगिक यान अग्निबाणावर बसून सुमारे ६५ कि.मी. उंचीवर गेले आणि परत येऊन बंगालच्या उपसागरात पडले. धावपट्टीचा त्या प्रयोगाशी संबंध नव्हता. २ एप्रिल २०२३ रोजी चित्रदुर्गजवळ तशा यानाला हेलिकॉप्टरने सुमारे ४.५ कि.मी. उंचीवर सोडले आणि ते स्वतःच धावपट्टीवर उतरले. २०२४ च्या मार्च व जूनमध्ये अधिक बिकट परिस्थितीत ही चाचणी पुन्हा यशस्वी झाली. आरोहण एका प्रयोगात, अवतरण दुसऱ्यात, आणि मध्ये सात वर्षे. खेळाडू एका बैठकीत जे जोडतो ते जोडण्याची किंमत या अंतरावरून कळते.

खेळाने आणखी एक गोष्ट सोडली आहे : चुकीची अपरिवर्तनीयता. यान फुटले की खेळाडू उड्डाणापूर्वीच्या क्षणी परत जाऊ शकतो. शिकण्यासाठी ही सवलत आवश्यक आहे; तिच्याविना नवशिका तिसऱ्या अपयशानंतर थांबेल. परंतु १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना नष्ट झाले व कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्यू पावले, त्याचे मूळ आरोहणाच्या वेळी डाव्या पंखाला झालेल्या इजेत होते. परतीचे भवितव्य जातानाच ठरते, हे खेळात कळते. ते ठरल्यानंतर मागे जाता येत नाही, हे मात्र कळत नाही.

तेव्हा या कृतीविषयीचा निर्णय असा द्यावा लागतो की, ती संबंधांच्या बाबतीत प्रामाणिक व परिमाणांच्या बाबतीत उदार आहे. करमणुकीच्या दृष्टीने हे औदार्य गुणच होय. खरे परिमाण ठेवले असते तर पहिले अंतराळविमान बहुतेकांच्या हातून कधीच पूर्ण झाले नसते. अध्यापनात मात्र त्याला जोड हवी. मार्टिन श्वायगर यांनी २००० साली सिद्ध केलेले ‘ऑर्बिटर’ हे विनामूल्य प्रतिरूप सूर्यमाला खऱ्या आकारात दाखविते. विद्यार्थ्याने कर्बिनवर यान उतरवून दाखवावे, तेच यान पृथ्वीवरून कक्षेत का पोचणार नाही हे समीकरणाने कागदावर मांडावे, आणि मग ‘ऑर्बिटर’कडे जावे. साक्रीतील एखाद्या महाविद्यालयाला यासाठी एक साधा संगणक व एक फळा पुरेल. एवढे झाले म्हणजे चित्रदुर्गच्या धावपट्टीवर उतरलेल्या त्या लहान यानाची बातमी विद्यार्थी निराळ्या नजरेने वाचील.