नाव नसलेल्या कुंभाराचा संग्रह

बीडशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर आणि संत गोरोबाकाकांचे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून वर येणारी भांडी, मृण्मूर्ती, मणी हौसेने जमवले. त्यांच्याच नावाने आज तिथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. जमवणाऱ्याचे नाव राहिले; घडवणाऱ्याचे कळायला मार्ग नाही. गोरोबांचे नावही टिकले ते अभंगांमुळे.

जपानी विचारवंत यानागी सोएत्सु यांनी निनावी कारागिराचा गौरव केला, १९३६ मध्ये टोकियोत लोकहस्तकलांचे संग्रहालय उभारले. त्यांचे मित्र, नामवंत कुंभार हमादा शोजी यांनी इंग्लंडहून परतल्यावर भांड्यांवर शिक्का उमटवणे सोडले. हा निनावीपणाचा गौरव आपल्याकडे जसाच्या तसा आणणे मला पटत नाही. नाव सोडणे ही हमादांची निवड होती; आपल्या कुंभाराला नाव कुणी विचारलेच नाही. शहरी कलावंताची सही पाहून पेला घेणारे आपण अक्षय्य तृतीयेची करा-केळी घेताना घासाघीस करतो.

लामतुरेंना ती नावे मिळणे अशक्यच होते. आपल्याला शक्य आहे. बाजारातून रांजण आणताना घडवणाऱ्याचे नाव, गाव आणि माती कुठली, एवढे टिपून ठेवावे. तेव्हाच त्या खरेदीला संग्रह म्हणता येईल.